अठरा गाण्यांचा फड

शायरांची प्रतवारी लावण्याची आपल्याकडची हौस जुनी आहे. मुहम्मद हुसैन आझाद यांच्या 'आबे हयात' (१८८०) या ग्रंथात मीर तकी मीर यांची एक आख्यायिका आहे. लखनौत कुणीतरी मीरसाहेबांना विचारले, सध्याच्या काळात शायर किती? मीरसाहेबांनी हिशेब सांगितला: एक सौदा, दुसरे आपण स्वतः आणि अर्धे ख्वाजा मीर दर्द. विचारणाऱ्याने मीर सोज यांचे नाव काढले, तेव्हा नाइलाजाने त्यांना पाव दिला आणि बेरीज पावणेतीनावर आणली.

या किश्शावर दीडशे वर्षे लोक हसत आले आहेत. पण प्रतवारी लावणाऱ्याच्या हातात कुठला तरी गज असतोच. मीरांनी तो सांगितला नाही. आम्हाला एका संगीत-संग्रहाची प्रतवारी लावायची आहे आणि आमचा गज आधी उघड करायचा आहे. संग्रह आहे 'गली बॉय'चा. चित्रपट १४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला, दिग्दर्शन झोया अख्तर यांचे. गाणी जानेवारीतच बाजारात आली होती. एकूण अठरा. एका संगीतकाराने आणि एका गीतकाराने बसून केलेले हे काम नव्हे. अंकुर तिवारी यांच्या देखरेखीखाली गल्लीबोळांतले रॅपर, ध्वनिमुद्रण करणारे तरुण, तोंडाने ताल धरणारे बीटबॉक्सर, एक मृदंगवादक आणि जावेद अख्तर यांच्यासारखे बुजुर्ग शायर अशा अनेकांचा हा सामायिक फड आहे.

भंडारा जिल्ह्यातल्या उर्दू शाळेत शिकवणाऱ्याने या फडात लक्ष का घालावे, असे कुणी विचारील. आमची मुले बैतबाजीच्या तयारीसाठी इक्बाल आणि हाली पाठ करतात आणि मधल्या सुट्टीत डेस्कवर ठेका धरून 'अपना टाइम आएगा' म्हणतात. दोन्ही ठिकाणी काफिया आहे, दोन्ही ठिकाणी समोरच्याला हरवायची ईर्ष्या आहे. मुले हा भेद करीत नाहीत. तो आपण मोठी माणसे करतो. शिवाय या चित्रपटाचा नायक मुराद हा धारावीतला मुसलमान मुलगा आहे. त्याचा बाप पोटासाठी दुसऱ्याची गाडी चालवतो आणि मुलानेही आपली पायरी ओळखून राहावे असे त्याला वाटते. हिंदी पडद्यावर असा मुलगा बहुधा गुंड म्हणून नाही तर दहशतवादी म्हणून येत असे. इथे तो वही-पेन घेऊन येतो. त्या वहीत काय लिहिले आहे, याची चौकशी आपण करायला हवी.

गज कोणता?

लोकांची प्रतवारी ठरलेली आहे. पहिले 'अपना टाइम आएगा', दुसरे 'मेरे गली में', तिसऱ्यासाठी 'आझादी' आणि 'असली हिप हॉप' यांत भांडण. 'अपना टाइम आएगा'च्या शब्दांसाठी डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांना फिल्मफेअर पुरस्कारही मिळाला. आमचा गज मात्र पुरस्काराचा नाही आणि खपाचाही नाही. तो आम्ही आपल्याच दोन परंपरांतून उचलला आहे.

पहिली परंपरा गझलेची. मक्त्यात शायर आपला तखल्लुस घालतो. तो शेवटचा शेर म्हणजे त्याची सही. मुशायऱ्यात गझल दुसऱ्याने वाचली, कव्वालाने गायली, तरी सही पुसली जात नाही. तखल्लुसाच्या मागे पुष्कळदा गावही येते: देहलवी, लखनवी, खैराबादी, अकबराबादी. शायर कोण आणि कुठला, या दोन्ही गोष्टी नावातच कळतात.

दुसरी परंपरा मराठी शाहिरीची. लावणीच्या किंवा पोवाड्याच्या अखेरच्या चौकात कवीची नाममुद्रा असते. उत्तर पेशवाईतल्या होनाजी बाळाचे उदाहरण आमच्या विषयाला नेमके लागू पडते. होनाजी शिलारखाने हा गवळी, तो रचना करी. बाळा करंजकर गात असे. रचनांच्या अखेरीस नाव येते ते दोघांचे, 'होनाजी बाळा'. शब्द कुणाचे आणि गळा कुणाचा हे ज्या काळात ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर छापले जात नव्हते, त्या काळात या जोडीने ते गाण्यातच नोंदवून ठेवले. पुढच्या पिढ्यांना तो एकच माणूस वाटला, इतके ते नाव एकजीव झाले. सामायिक कलाकृतीत श्रेय कसे वाटावे याचा याहून स्वच्छ दाखला आम्हाला ठाऊक नाही.

याच काळातला सगनभाऊ हा जन्माने मुसलमान, व्यवसायाने शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारा. होनाजीशी त्याची स्पर्धा प्रसिद्ध आहे. संगमनेरचा अनंत फंदी हा ब्राह्मण, मूळ आडनाव घोलप. मलिक फंदी नावाच्या फकिराच्या सहवासामुळे 'फंदी' हे नाव त्याला चिकटले असे सांगतात. म्हणजे एका ब्राह्मण शाहिराच्या नाममुद्रेत एका मुसलमान दोस्ताचे नाव कायमचे मुरले. कलगी-तुऱ्याची उत्पत्ती सांगतानाही एक गोसावी आणि एक फकीर, तुकनगीर आणि शाहअली, अशी जोडी सांगितली जाते. एकाला तुरा मिळाला, दुसऱ्याला कलगी. मग दोघांच्या चेल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना सवाल घातले. आख्यायिकेचा इतिहास म्हणून आग्रह धरता येत नाही. पण ती शतकानुशतके सांगितली गेली, हा इतिहासच आहे.

आमच्या झाडीपट्टीत हा मामला अजून जिवंत आहे. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दंडार होते, नाटक होते आणि खडी गंमत उभी राहते. शाहीर, नाच्या, ढोलकी, तुणतुणे आणि समोर रात्रभर बसलेला गाव. दोन शाहिरांचे संच समोरासमोर आले की त्याला 'दुय्यम' म्हणतात. इथे दुय्यम म्हणजे कमी प्रतीचा नव्हे, दोघांचा सामना. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीची आणि या लोकरंगभूमीची जी दखल घेतली, तिच्यामुळे शिकलेल्या लोकांचेही लक्ष तिकडे गेले. दुय्यममध्ये पंच नेमण्याची गरज पडत नाही. कुणाचा सवाल कुणाला सुटला नाही हे गावाला कळते.

यावरून आमच्या गजाच्या तीन खुणा ठरतात. एक, नाममुद्रा: ज्याचे शब्द, त्याचा आवाज किंवा त्याचे नाव गाण्यात आहे काय? दोन, सवाल-जवाब: सामायिक गाण्यात एकाचे दुसऱ्याला उत्तर मिळते काय, की नुसती पाळी लागते? तीन, मुलूख: गाणे कुठल्या मातीचे आहे हे त्याच्या भाषेतून समजते काय?

ब्रॉन्क्सहून कुर्ल्याला

हा परदेशी प्रकार आणि त्याला देशी गज कशाला, असा आक्षेप येईल. म्हणून त्याची वंशावळ थोडक्यात पाहू. हिप हॉपची जन्मतारीख ११ ऑगस्ट १९७३ ही धरतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत एका मुलीने शाळा सुरू होण्याआधी मेजवानी ठेवली. तिचा भाऊ, जमैकात जन्मलेला डीजे कूल हर्क, तबकड्या वाजवत होता. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा तो दोन तबकड्यांवर पुनःपुन्हा फिरवी. त्या तालावर कुणीतरी माईक घेऊन लोकांना नावाने हाका मारू लागला. पुढे त्या हाका लांबल्या, यमके जुळली, त्याचे रॅप झाले. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅश आणि साथीदारांचे 'द मेसेज' आले आणि पडक्या वस्तीतले जिणे हाच गाण्याचा विषय झाला.

रॅपर पहिल्याच कडव्यात आपले नाव आणि आपला मोहल्ला सांगतो. आमच्याकडे मक्ता शेवटी येतो, त्यांच्याकडे आरंभी. समोरच्याची टर उडवणाऱ्या सामन्याला ते 'बॅटल' म्हणतात. मिर्झा सौदा यांना ती गोष्ट समजावून सांगावी लागली नसती. कुणावर राग आला की ते गुंचा नावाच्या नोकराला कलमदान आणायला सांगत आणि हजो लिहायला बसत, असे आझाद सांगतात. न्यूयॉर्कचे पोर आणि दिल्लीचे उस्ताद यांची गाठ पडली नाही. पण गरीब माणसाजवळ जिंकायला दुसरे काही नसले की तो शब्दाने जिंकू पाहतो, हे दोन्हीकडे घडले.

मुंबईत हे बी २०१० नंतर जोमाने रुजले. हिंदीत रॅप त्याआधीही होते. बाबा सहगल यांचे 'ठंडा ठंडा पानी' १९९२ चे. पण त्यात गल्ली नव्हती. कुर्ल्याच्या नेझीने, म्हणजे नावेद शेखने, २०१४ साली 'आफत' हे गाणे वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर तयार केले. त्याच्यावरच्या लघुपटाचे नाव 'बॉम्बे ७०'. कुर्ला पश्चिमेचा पिनकोड ४०००७०, त्यातले शेवटचे दोन अंक. धारावीचा एमसी अल्ताफ आपल्या गाण्याच्या नावात १७ हा आकडा घालतो, कारण धारावी ४०००१७. खैराबादी, अकबराबादी यांच्या जागी टपाल खात्याचा आकडा आला, एवढाच फरक. अंधेरीच्या जे. बी. नगरचा विवियन फर्नांडिस 'डिव्हाइन' झाला. एक मुसलमान, एक ख्रिस्ती. दोघांनी मिळून २०१५ साली 'मेरे गली में' केले. झोया अख्तर यांना चित्रपटाची प्रेरणा या दोघांपासून मिळाली. न्यूयॉर्कचा नामांकित रॅपर नास हा चित्रपटाच्या कार्यकारी निर्मात्यांत आला. ब्रॉन्क्सहून निघालेली वाट अशी धारावीत पोहोचली.

प्रतवारी

आधी चार गाणी फडाबाहेर बसवतो. 'ट्रेन साँग', 'जहाँ तू चला', 'जीने में आए मज़ा' आणि 'गोरिये'. रघु दीक्षित आणि कर्ष काळे यांचे 'ट्रेन साँग' आणि जसलीन रॉयल यांचे 'जहाँ तू चला' कानाला फार गोड आहेत. मुशायऱ्यात तरन्नुमने वाचणाऱ्याला दाद मिळते तशी त्यांना मिळावी. पण हा सामना त्यांचा नव्हे. उरली चौदा.

पहिले स्थान आम्ही 'इंडिया ९१' ला देतो. हे नाव ऐकून पुष्कळांना हे गाणे आठवणारही नाही. ९१ हा भारताचा दूरध्वनी संकेतांक. एमसी अल्ताफ, एमसी तोडफोड, १०० आरबीएच, महार्या आणि नॉक्शस डी हे पाच जण आणि विवेक राजगोपालन यांचा मृदंग. यात नट नाही. कुणी कुणाला आवाज उसना दिलेला नाही. प्रत्येकजण आपले कडवे आपल्या तोंडाने, आपल्या नावाने म्हणतो. मराठी आणि गुजराती यांसह वेगवेगळ्या बोली एका तालावर येतात. त्यातला १०० आरबीएच, म्हणजे सौरभ अभ्यंकर, अमरावतीचा. विदर्भाचा मुलगा मराठीत बोलतो म्हणून आम्ही पक्षपात करतो आहोत, असे कुणी म्हणेल. तसे नाही. नाममुद्रा आणि मुलूख या दोन खुणांत या गाण्याच्या जवळपास दुसरे कुठलेच येत नाही. सवाल-जवाबात ते कमी पडते, हेही सांगितले पाहिजे. पाच जण पाळीपाळीने बोलतात, एकाचे दुसऱ्याला उत्तर नाही. म्हणजे हा मुशायरा आहे, दुय्यम नव्हे. तरीही पाच गल्ल्यांनी एकमेकांना जागा देत बोलणे ही आजच्या दिवसांत लहान गोष्ट नाही. यातला तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, २०२२ साली वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी वारला. त्याचे गुजराती कडवे त्याच्याच आवाजात राहिले. नाममुद्रेचे मोल अशा वेळी कळते.

दुसरे 'मेरे गली में'. ही प्रतवारी २०१५ च्या मूळ गाण्याची असती तर ते निर्विवाद पहिले आले असते. कुर्ला आणि अंधेरी समोरासमोर उभे राहतात, एक वाक्य टाकतो, दुसरा झेलतो. कलगी-तुऱ्याच्या गोसावी-फकिराची आठवण व्हावी असा हा फड आहे. पण चित्रपटाच्या संग्रहात जे आले, त्यात रणवीर सिंग यांचा आवाज मध्ये शिरला. कथेची ती गरज होती आणि नटाने मेहनत केली, हे मान्य. तरी कुर्ल्याच्या मुलाची गल्ली वांद्र्याच्या नटाच्या तोंडून ऐकताना सही थोडी पुसट होते. म्हणून एक पायरी खाली.

तिसरे 'काम भारी'. इथे गाण्याचे नाव हाच तखल्लुस. कुणाल पंडागळे या मुंबईकर मुलाने 'काम भारी' हे टोपणनाव घेतले आणि तेच गाण्याचे शीर्षक झाले. शब्द त्याचे, आवाज त्याचा. सवाल-जवाब नाही, कारण तो एकटाच आहे. पण आमच्या पहिल्या खुणेवर तो पुरेपूर उतरतो. नाव तर पाहा: महाराष्ट्रात कुठल्याही नाक्यावर उभा राहिलेला माणूस हे दोन शब्द बोलतो.

चौथे 'दूरी', आणि त्याच्याआधीची कविता. दोन नोंदी, पण गोष्ट एक. मुराद बापाच्या जागी गाडी चालवतो आहे, मागच्या आसनावर मालकाची मुलगी रडते आहे, आणि दोघांमधले चार फूट अंतर त्याला पार करता येत नाही. शब्द जावेद अख्तर यांचे, रॅपमध्ये डिव्हाइनची जोड. जावेद अख्तर हे जां निसार अख्तर यांचे चिरंजीव आणि मुज्तर खैराबादी यांचे नातू. म्हणजे खैराबादचे घराणे आणि जे. बी. नगरचा मुलगा एका गाण्यात बसले. होनाजी-बाळाच्या सर्वांत जवळ जाणारी ही जोडी. फक्त 'बाळा' इथे नट आहे, आणि दोन्ही 'होनाजी' गाण्याबाहेर राहिले.

पाचवे 'आझादी'. डब शर्मा यांनी हे २०१६ साली, जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या घोषणांवरून केले होते. ती घोषणा त्याहून जुनी. १९८० च्या दशकात पाकिस्तानातल्या स्त्रियांच्या चळवळीत कमला भसीन यांनी ती ऐकली आणि भारतात आणली. म्हणजे लाहोरच्या बाया, दिल्लीची कार्यकर्ती, विद्यापीठातले विद्यार्थी आणि मग सिनेमा. चित्रपटाच्या रूपात भूक, गरिबी, भेदभाव राहिले. मूळ घोषणेतली मनुवादासारखी टोकदार नावे गळाली. डिव्हाइनचा आवाज भक्कम आहे. पण शाहिराने सवाल घालताना समोरच्याचे नाव गाळले, तर जबाब कुणी द्यायचा?

सहावे 'अपना टाइम आएगा'. वाचकांपैकी तरुण मंडळी इथे रागावतील. गाणे उत्तम आहे, शंका नाही. रिकाम्या हाताने आलेल्या माणसाची जिद्द त्यात आहे, आणि ते मंडईतल्या ध्वनिक्षेपकावरून वाजले तरी पोरे थांबून ऐकतात. पण शब्द डिव्हाइन आणि अंकुर तिवारी यांचे, संगीत डब शर्मा आणि डिव्हाइन यांचे, आणि लोकांच्या मनात कोरला गेला तो नटाचा चेहरा. गाणे म्हणणाऱ्या पोरांना विचारावे, हे कुणी लिहिले? उत्तर येते, रणवीर सिंगने. ज्याची वेळ येणार म्हणून गाणे सांगते, त्याचेच नाव पोरांना ठाऊक नसावे, हे आम्हाला खटकते. गाण्यात नाममुद्रा असती तर असे झाले नसते.

सातवे 'शेर आया शेर'. डिव्हाइन इथे पूर्ण ताकदीने आहे. पण तखल्लुस त्याचा नाही. चित्रपटातल्या एमसी शेर या पात्राचा आहे. उस्तादाने शागिर्दाला गझल लिहून द्यावी आणि मक्त्यात त्याचाच तखल्लुस घालावा, ही रीत उर्दूत होती. तिला आम्ही नावे ठेवत नाही, पण सातव्याच्या वर नेतही नाही.

आठवे 'असली हिप हॉप'. शब्द मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या स्पिटफायर या मुलाचे. आवाज पुन्हा नटाचा. खरे आणि खोटे रॅप यांतला फरक सांगणारे गाणे लिहिणाऱ्याच्या आवाजात असते तर वरच्या चारांत आले असते.

नववे-दहावे 'जिंगोस्तान' आणि त्याचे बीटबॉक्स रूप. राष्ट्रभक्तीच्या नावाखाली चाललेल्या गदारोळावरचे डब शर्मा यांचे हे उपरोधिक गाणे. विचार धीट, पण मुलूख दिसत नाही; ते कुठल्याही शहराचे असू शकले असते. अकरावे 'कब से कब तक', त्यात काम भारीचे शब्द आणि विभा सराफ यांचा सूर. बारावे एस या जुन्या मुंबईकर रॅपरचे 'हर ग़म में ख़ुशी है'. तेरावे 'एक ही रास्ता'. 'दूरी'ची कविता धरून चौदा पुरी होतात.

या यादीचे करायचे काय?

यादी म्हणजे निकाल नव्हे. मीरसाहेबांनी ज्यांना पाव दिला, त्या सोजांचे शेर आजही वाचले जातात. आम्हाला या गाण्यांच्या निमित्ताने एक जुना प्रश्न नव्याने दिसला, तो मांडायचा आहे.

विसाव्या शतकात या प्रश्नाचे एक उत्तर बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल यांनी दिले. त्यांना महाराष्ट्र शाहीर अमर शेख (१९१६-१९६९) म्हणून ओळखतो. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे राहिले, तेव्हा अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर असे तिघे एका फडावर आले. त्यांत एक मातंग, एक मुसलमान. कामगार मैदानांवर आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या कलापथकाच्या परंपरेने हजारोंची सभा पेलली. हाही सामायिक फडच होता. त्यात अमर शेखांचे नाव कुणाच्या चेहऱ्यामागे गेले नाही. आणि ते मराठीत होते. सगनभाऊ मराठीत होता. दोघांनाही मराठीत गाण्यासाठी मुसलमानपण बाजूला ठेवावे लागले नाही, आणि ते सिद्ध करण्यासाठी वेगळे गाणेही रचावे लागले नाही.

आता 'गली बॉय'च्या अठरा गाण्यांकडे पुन्हा पाहा. कथा मुसलमान मुलाची. गल्ली कुर्ल्याची आणि धारावीची. नेझी आणि अल्ताफ हे दोघे मुसलमान तरुण त्यात आहेत, आणि दोघेही बंबैया हिंदीत बोलतात. ती त्यांची बोली आहे, तिचा आम्हाला आदर आहे. पण महाराष्ट्राच्या राजधानीत घडलेल्या या फडात मराठी कडवे आले ते अमरावतीच्या मुलाकडून. मराठीत आपले नाव सांगणारा मुसलमान मुलगा या फडात आम्हाला सापडला नाही. सगनभाऊपासून दोनशे वर्षांत आपण इथवर कसे आलो, याचा विचार संमेलनांच्या ठरावांपेक्षा मुलांच्या वहीत जास्त होईल असे वाटते.

दोष मुलांचा नाही. भंडाऱ्यातले आमचे विद्यार्थी घरी उर्दू-हिंदीच्या मधली एक बोली बोलतात, बाजारात झाडीबोली, आणि परीक्षेत पुस्तकी उर्दू. तीन भाषा पेलणारे हे मूल कविता लिहिताना मात्र एकच धरते, आणि ती बहुधा सिनेमाची असते. उर्दू माध्यमातल्या मुलाने मराठीत लिहिले तर उर्दूवाले त्याला परका समजतात आणि मराठीवाले त्याचे शुद्धलेखन तपासतात. शाहिराच्या फडावर शुद्धलेखन तपासत नसत. वही तपासणाऱ्या आम्हा शिक्षकांनीही हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

घरातला आणखी एक प्रश्न आहे, तोही टाळू नये. गाणे दीनात बसते काय? नेझीने २०१८ च्या सुमारास काही काळ गाणे थांबवले होते. धर्म आणि संगीत यांचा मेळ आपल्या मनाशी घालावा म्हणून आपण थांबलो, असे त्याने नंतर सांगितले. मग तो परतला. हा झगडा त्याने लपवला नाही. आपल्या घरांत हीच घालमेल असलेली मुले आहेत. त्यांना गप्प करणे सोपे आहे. पण ताल बाजूला ठेवला तरी शब्द उरतात, आणि शब्दांची स्पर्धा आपल्या मदरशांत, शाळांत, मुशायऱ्यांत कधीच निषिद्ध नव्हती. बैतबाजीच्या फेरीत एखादी मराठी फेरी घालायला कुणाची परवानगी लागणार नाही. मंडईच्या दुय्यममध्ये उर्दू शाळेतला मुलगा सवाल घालायला उभा राहिला, तर गाव त्याला नक्की ऐकेल. गावाला चांगला सवाल हवा असतो.

एकोणिसाव्या गाण्याची जागा रिकामी आहे. ते कुणी लिहिले, तर आमची एकच सूचना. शेवटच्या कडव्यात आपले नाव घालावे आणि गावही. कुर्ल्याने ७० घातले, धारावीने १७. भंडाऱ्याचा पिनकोड ४४१९०४ आहे. 'चार'ला मराठीत काफिये भरपूर मिळतात.